आधी हात, मग देह

मातीची पातळ पोळी थापायची, ती एकदाच दुमडायची, कडेला बोटाने जराशी ओढ द्यायची आणि हात काढून घ्यायचा. नंतर दुरुस्ती नाही, घासणं-पुसणं नाही. हॅना विल्कीची कितीतरी शिल्पं एवढ्याच कृतीतून झाली आहेत. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात करंज्या करताना आपली बोटं जे करतात, त्याहून हे फार वेगळं नाही. फरक इतकाच, की करंजीचं तोंड मिटायचं असतं आणि विल्की ते उघडं ठेवते. दुमडलेल्या मातीच्या पोटात पोकळी राहते, तिच्याभोवती दोन असमान कडा. बघणाऱ्याला त्यात योनी दिसते. ती दिसावी हाच हेतू होता, विल्कीने तो कधी लपवला नाही. पण नजर थोडा वेळ तिथेच ठेवली की बाकीचंही दिसू लागतं. कुठे अंगठा जोरात दाबलेला, कुठे कड फाटता फाटता राहिलेली. एकासारखं दुसरं नाही.

अमेरिकन कलेच्या इतिहासात विल्की या मातीसाठी ओळखली जात नाही. तिचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येतो तो फोटो: कंबरेपर्यंत उघडी, देखणी तरुण बाई, फॅशनच्या मासिकातल्यासारखी पोझ, आणि अंगावर जागोजागी चिकटवलेले कसलेसे बारीक गोळे. या फोटोंनी तिला प्रसिद्धी दिली आणि तिच्यातल्या शिल्पकाराला गिळलंही. पुढची दोन दशकं वाद झाला तो तिच्या अंगाचा. तिने हातांनी काय केलं हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात 4 जून 2021 ते 16 जानेवारी 2022 या काळात पुलित्झर आर्ट्स फाउंडेशनमध्ये भरलेलं सिंहावलोकन महत्त्वाचं ठरलं. 'आर्ट फॉर लाइफ्स सेक' हे त्याचं नाव. क्युरेटर होत्या तमारा शेंकेनबर्ग. 1960च्या दशकापासून मृत्यूपर्यंतच्या सुमारे 120 कलाकृती त्यांनी एकत्र आणल्या. अमेरिकेत विल्कीचं एवढ्या आवाक्याचं प्रदर्शन दशकभरात झालं नव्हतं. ही इमारत तादाओ आंदो या जपानी वास्तुशिल्पीची. गुळगुळीत राखाडी काँक्रीटच्या उंच भिंती, मधोमध पाण्याचा लांबट चौक, आणि आवारात रिचर्ड सेराचं पोलादी पत्र्यांचं अजस्र सर्पिल. म्हणजे सगळी पुरुषी, वजनदार, टिकाऊ आधुनिकता. तिथे हातात मावणाऱ्या मातीच्या घड्या मांडायच्या, ही कल्पनाच थोडी विल्कीच्या स्वभावाला शोभणारी होती.

शिल्पं, फोटो, व्हिडिओ, चित्रं असं सगळं एका छताखाली आल्यावर, इतकी वर्षं सुटं सुटं बघताना न कळलेली गोष्ट कळते. या बाईने आयुष्यभर एकच काम केलं: मऊ पदार्थ घ्यायचा आणि त्याला घडी घालायची. पदार्थ तेवढे बदलत गेले. माती, रबराचा चीक, खोडरबर, चघळलेलं च्युइंगगम, स्वतःच्या चेहऱ्याची कातडी, आणि शेवटी औषधांनी सुजलेलं अंग.

*

आर्लीन हॅना बटर हे तिचं माहेरचं नाव. जन्म 7 मार्च 1940, न्यूयॉर्क, ज्यू कुटुंब. विल्की हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव; लग्न काही वर्षांत मोडलं, आडनाव राहिलं. शिक्षण फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या टायलर कलाशाळेत. कलेबरोबर तिने शिक्षणशास्त्राचीही पदवी घेतली आणि पुढे पोटासाठी हायस्कुलांत शिकवलं. 1972पासून न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये होती.

टेराकोटातली तिची 'फाइव्ह अँड्रॉजिनस अँड व्हजायनल स्कल्प्चर्स' 1960-61मधली, म्हणजे ती विशीत असतानाची. स्त्रीवादी कला म्हटलं की ज्या कृतीचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं ती ज्युडी शिकागोची 'द डिनर पार्टी' आली 1979मध्ये. तिच्यातल्या 39 चिनी मातीच्या ताटल्यांवर जे रूप आहे, त्याला विल्कीने जवळपास दोन दशकं आधी हात घातला होता. तेव्हा स्त्रीवादी कला हा शब्दही कुणी वापरत नव्हतं. 'पहिली कोण' या शर्यतीत मला फार रस नाही. पण त्या दशकातलं न्यूयॉर्क आठवलं तर या लहानशा मातीकामाचं धाडस कळतं. मोठे पुरुष कलावंत कारखान्यातून पोलादाच्या पेट्या बनवून घेत होते आणि कलाकृतीवर हाताची खूण राहू नये यासाठी झटत होते. माती म्हणजे शाळेतला हस्तव्यवसायाचा तास. आणि ही मुलगी बोटांचे ठसे ठेवून योनी घडवत होती.

1972मध्ये रोनाल्ड फेल्डमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या गॅलरीत तिचं पहिलं मोठं एकल प्रदर्शन झालं. फेल्डमन यांनी तिची साथ शेवटपर्यंत सोडली नाही. तोवर ती लेटेक्सकडे, रबराच्या चिकाकडे वळली होती. पद्धत तिची तिनेच बसवलेली. सपाट प्लास्टरवर द्रव लेटेक्स ओतायचं, साय धरल्यागत थर आला की सोलून काढायचा, असे अनेक पातळ थर एकमेकांवर ठेवायचे आणि टिचबटणांनी एकत्र अडकवायचे. हो, ब्लाउज-फ्रॉकला लावतात तीच टिचबटणं. मग हा जुडगा टाचण्यांनी भिंतीवर टांगायचा. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात असलेल्या 'पॉन्डर-र-रोझा 4' (1975) मध्ये असे 16 गुच्छ ओळीने लोंबतात. शिवणाच्या डब्यातली वस्तू अशी उघड्यावर वापरणं ही तिची खास खोडी. पुरुष शिल्पकार नट-बोल्ट मिरवतात, तर ही टिचबटणं मिरवते.

लेटेक्सची गोम अशी, की ते म्हातारं होतं. आधी पिवळं, मग तपकिरी, मग कडक, आणि एक दिवस हात लावला की तडकतं. संग्रहालयांतल्या संवर्धकांना तो कायमचा ताप आहे. नव्याने ओतलं तर ते विल्कीच्या हातचं राहत नाही, आणि जुनं ठेवलं तर ती नाजूक थरथर राहत नाही. आपल्याकडे मातीची मूर्ती विसर्जनासाठीच घडते, तेव्हा आपल्याला याचं एवढं वाटणार नाही. पण कोट्यवधी डॉलरांचा विमा उतरवणाऱ्या जगाला नाशवंत शिल्प पचवणं जड जातं.

याच काळात ती कशाकशाच्या घड्या घालत होती पाहा. चित्रकार वापरतात ते मळता येणारं करडं खोडरबर घेऊन त्याच्या इवल्याशा घड्या तिने जुन्या पोस्टकार्डांवरच्या निसर्गचित्रांत चिकटवल्या. समुद्रकिनारा, पुतळे, इमारती, आणि त्यांच्यात उगवल्यासारख्या करड्या योन्या. कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीत जी लव साठते तिच्याही घड्या केल्या. ते कपडे होते पॉप आर्टचा बडा शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचे. 1969 ते 1977 दोघं एकत्र होती. ओल्डेनबर्गची कीर्ती मऊ कापडी शिल्पांची, प्रचंड बर्गर आणि लोंबणाऱ्या स्विचांची. घरातल्या बाईने त्याच्या धुण्यातल्या कचऱ्यातून शिल्पं केली. यात प्रेम किती आणि टोमणा किती, हे प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

*

कळीचं वर्ष 1974. 'जेश्चर्स' हा तिचा पहिला व्हिडिओ त्या वर्षीचा. काळा-पांढरा, सुमारे 35 मिनिटांचा, चौकटीत फक्त चेहरा आणि हात. ती गाल दाबते, कपाळाची कातडी वर ओढते, डोळ्यांच्या कडा ताणते, ओठ चिमटीत धरून बाहेर खेचते आणि दुमडते. पहिली काही मिनिटं वाटतं, सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात चालली आहे. मग हातांचा जोर वाढतो. हसू येतं, ते हसू बोटांनी तसंच धरून ठेवलं जातं आणि हळूहळू वेदनेसारखं दिसू लागतं. खेचलेले ओठ दुमडतात तेव्हा त्यातून जे रूप होतं ते नेमकं तिच्या मातीतलं. कॅमेऱ्यासमोर कुंभार बसला आहे आणि माती त्याचाच चेहरा आहे.

हा व्हिडिओ पाहिल्याशिवाय च्युइंगगमचे फोटो समजत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. 'एस.ओ.एस. स्टारिफिकेशन ऑब्जेक्ट सिरीज' ही मालिका तिने 1974मध्ये सुरू केली. तिने गमचा एक खोक्यातला खेळही केला होता, मोठ्यांसाठीचा, पत्त्यांसारखे फोटो आणि सोबत गम. 1975मध्ये पॅरिसमध्ये तिने प्रेक्षकांना गम वाटला, चघळायला सांगितला आणि परत मागून घेतला. बोटांनी एक पीळ, एक घडी, की झालं शिल्प. काही कागदावर गेली, काही तिच्या उघड्या अंगावर. फोटोंत ती कधी केसांत कर्लर लावून, कधी काउबॉय हॅट घालून, कधी काळा गॉगल चढवून उभी आहे. पोझ नटीची आणि अंगावर व्रण. आफ्रिकेतल्या काही समाजांत त्वचेवर मुद्दाम उठवले जाणारे व्रण तिच्या मनात होते. ज्यू म्हणून तिला छळछावण्यांत माणसांवर उमटवलेल्या खुणाही आठवत होत्या. काळ थोडा इकडचा तिकडे झाला असता तर आपणही त्यात असतो, याची जाणीव तिने वेळोवेळी बोलून दाखवली. आणि गम का, तर तिचं म्हणणं असं, की अमेरिकेत बाईचं तेच होतं: चघळायची, रस संपला की थुंकायची, दुसरी तोंडात टाकायची.

स्त्रीवादी गोटातच याने खळबळ माजली. समीक्षक ल्यूसी लिपर्ड यांनी 1976मध्ये 'आर्ट इन अमेरिका'तल्या लेखात विल्कीवर ठपका ठेवला, की सुंदर स्त्री आणि कलावंत, नखरा आणि स्त्रीवाद, या भूमिकांची तिने गल्लत केली आहे. लिपर्ड काही कुणी सनातनी नव्हत्या. स्त्री कलावंतांसाठी त्यांच्याइतकं फार थोड्यांनी केलं, आणि त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. जाहिराती आणि मासिकं बाईच्या अंगावर चालत असताना, बाईनेच ते अंग पुन्हा त्याच पोझमध्ये मांडलं तर त्यातली चपराक कुणाला कळणार? बऱ्याच पुरुष प्रेक्षकांना ती कळली नसणारच. पण या आक्षेपाच्या पोटात दुसरं काही दडलं होतं, आणि विल्कीला ते झोंबलं. ती दिसायला साधी असती तर हेच काम धीट म्हणून नावाजलं गेलं असतं. 1977मध्ये तिने उत्तर दिलं ते पोस्टरने: उघडी छाती, गळ्यात टाय, अंगावर गम, आणि वर मजकूर, मार्क्सवाद आणि कला, फॅसिस्ट स्त्रीवादापासून सावध राहा. चिडून केलेलं काम आहे ते. युक्तिवाद म्हणून भोंगळ, पोस्टर म्हणून झकास.

*

तिचं दुसरं भांडण मार्सेल द्युशाँशी होतं, आणि ते जास्त रंगतदार. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात द्युशाँचं 'लार्ज ग्लास' आहे. दोन उंच काचा, वरच्या भागात नवरी, खाली तिचे नऊ ब्रह्मचारी, आणि प्रवासात तडकलेल्या काचेवर पसरलेलं भेगांचं जाळं. कृतीच्या पूर्ण नावात नवरीला विवस्त्र केल्याचा उल्लेख आहे, प्रत्यक्षात काचेवर दिसतात यंत्रासारखे आकार. 1976मध्ये द्युशाँवर निघत असलेल्या एका जर्मन चित्रपटासाठी विल्की त्या काचेमागे उभी राहिली. पांढरा सूट, डोक्यावर पुरुषी फेडोरा. कॅमेरा काचेच्या अलीकडे. भेगांमधून दिसत ती संथपणे, कंटाळल्यासारखी, एकेक कपडा उतरवते. नवरीचं ते शीर्षकातलं काम कुणी तरी करून टाकावं, तसं. ना लाडिकपणा, ना राग. द्युशाँ आधुनिक कलेतलं दैवत आणि 'लार्ज ग्लास' हे त्याचं सर्वांत गूढ काम; शेकडो पानं लिहिली गेली त्यावर. विल्कीने त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत न पडता त्यात जाऊन उभं राहणं पसंत केलं.

त्याच संग्रहालयात द्युशाँचं शेवटचं काम आहे, 1969मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. जुन्या लाकडी दाराला दोन भोकं, आणि त्यांतून दिसते पाय फाकवून पडलेली नग्न बाई, चेहरा न दिसणारी. स्पेनमधल्या कादाकेस गावी विल्कीने 1977मध्ये खडकांवर तसंच पडून स्वतःचे फोटो काढून घेतले. चेहरा मात्र दिसतो, आणि ती बघणाऱ्याकडे बघते. कॅमेरा तिथे ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनच्या हाती होता. बटण कुणीही दाबो, पोझ, मांडणी, प्रकाश आपला, म्हणून ती अशा फोटोंना 'परफॉर्मलिस्ट' आत्मचित्रं म्हणे आणि बटण दाबणाऱ्याचं नावही सोबत देत असे. फोटोग्राफर बायकांचे फोटो काढतात आणि बाई निनावी राहते, त्याचा हा उलटा हिशेब.

1978मध्ये न्यूयॉर्कच्या पी.एस.1मध्ये, म्हणजे बंद पडलेल्या शाळेच्या पडक्या इमारतीत, तिने 'सो हेल्प मी हॅना' केलं. उंच टाचांचे बूट, हातात खेळण्यातलं पिस्तूल, बाकी काही नाही. बॉयलरच्या खोल्यांत, पाइपांमध्ये, जिन्यांवर. फोटोंवर कला आणि तत्त्वज्ञानातली उद्धरणं छापलेली. मला ही मालिका तिच्या कामातली कमजोर वाटते. उद्धरणांचं ओझं फोटोंना पेलवत नाही. पण पिस्तुलांची कथा सांगायला हवी. पिस्तुलासारखी दिसणारी रस्त्यावरची मोडकीतोडकी वस्तू गोळा करणं हा ओल्डेनबर्गचा प्रसिद्ध छंद, आणि त्या वस्तू जमवायला विल्की वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर हिंडलेली. 1977मध्ये त्याने दुसरीशी लग्न केलं. पिस्तुलांचा संग्रह त्याच्या नावावर संग्रहालयांत गेला.

प्रकरण तिथेच संपलं नाही. 1989मध्ये विल्कीचं पहिलं सिंहावलोकन भरलं तेही याच सेंट लुईस शहरात, तिथल्या मिसूरी विद्यापीठाच्या गॅलरीत. सोबत पुस्तक निघायचं होतं. त्यात दोघांच्या सहजीवनातले फोटो आणि पत्रांतला मजकूर होता. ओल्डेनबर्गने हरकत घेतली आणि ते वगळावं लागलं. स्वतःचं आयुष्य हाच कच्चा माल असलेल्या बाईला स्वतःच्या आयुष्याची आठ वर्षं पुस्तकात घेता आली नाहीत. लेखिका क्रिस क्राउस यांनी 1997मधल्या 'आय लव्ह डिक' या पुस्तकात हे प्रकरण मांडलं, तेव्हा नव्या पिढीला विल्कीचं नाव कळलं. कलेच्या इतिहासकारांच्या आधी कादंबरीच्या वाचकांनी तिला पुन्हा शोधून काढलं, असं म्हटलं तरी चालेल.

*

आई, सेल्मा बटर. 1970मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, 1978मध्ये आजार उलटला, 1982मध्ये ती गेली. त्या वर्षांत विल्की आईची शुश्रूषा करत होती आणि फोटो काढत होती. 1978-81मधलं जोडचित्र पाहा. डावीकडे विल्की, उघडी छाती, चेहऱ्याला रंगरंगोटी, अंगावर रस्त्यात सापडलेले धातूचे तुकडे व्रणांसारखे ठेवलेले. उजवीकडे आई, तिचीही छाती उघडी, स्तनाच्या जागी शिवणीचा व्रण, नजर वळवलेली. गमचे, लोखंडाचे, खेळातले व्रण आणि हा खरा व्रण शेजारी शेजारी. तिचं आधीचं काम नुसती आत्मरती होती असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे जरा थांबावं. स्वतःच्या देखणेपणाला दुसऱ्या कुणी इतकं निर्दय उत्तर दिलं नसतं.

1987मध्ये विल्कीला स्वतःला लिम्फोमाचं निदान झालं. केमोथेरपी, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, आणि या सगळ्यात कॅमेरा चालू. फोटो तिचा जोडीदार डोनाल्ड गॉडर्डने काढले. तिच्या मृत्यूच्या आदल्या महिन्यात दोघांनी लग्न केलं. 'इन्ट्रा-व्हीनस' मालिकेतले मोठे रंगीत फोटो माणसाच्या उंचीएवढे आहेत. एकात ती उभी आहे, डोक्यावर फुलांची परडी, ओठांवर हसू, कुल्ल्यांवर चिकटपट्ट्या आणि पोट सुटलेलं. दुसऱ्यात निळी चादर मेरीसारखी डोक्यावरून घेतलेली, चेहरा सुजलेला, केस गेलेले. पोझ मात्र जुन्याच, 1974च्याच, व्हीनसच्या आणि मासिकांतल्या. गळलेले केस तिने कागदावर चिकटवले आणि त्यांना 'ब्रशस्ट्रोक्स' म्हटलं. रुग्णालयं रोग्याला अशी लपवतात की जणू मरणं ही त्याची खाजगी लाजच, असं तिचं म्हणणं होतं. 28 जानेवारी 1993 रोजी ह्यूस्टनमध्ये ती गेली. वय 52.

जानेवारी 1994मध्ये फेल्डमन यांच्या गॅलरीत हे काम लोकांसमोर आलं आणि समीक्षेचा सूर पालटला. जे आत्मरत म्हणाले होते ते आता धैर्य म्हणू लागले. मला या कौतुकात काहीतरी खटकतं. देखणी होती तोवर संशय, कुरूप झाली तेव्हा आदर. म्हणजे बाईला तिचं अंग मोडलं की मगच गंभीर मानायचं. कला-इतिहासकार अमेलिया जोन्स यांनी पुढे 1998मध्ये पुस्तक लिहून तिच्या आत्मरतीचं समर्थन केलं, तोवर तिच्या तरुणपणच्या कामाकडे माफी मागायला लावणारी चूक म्हणूनच पाहिलं जात होतं. सेंट लुईसच्या प्रदर्शनाने सुरुवात मातीपासून धरली, म्हणून त्याचं मोल. मातीची घडी आधी डोळ्यांत बसली की शेवटचे फोटो प्रायश्चित्तासारखे वाटत नाहीत. सुजलेलं अंग हा तिच्या हाती आलेला आणखी एक मऊ पदार्थ. तो नको होता, पण आला, तर तिने त्यालाही आकार दिला.

आणि ती संत झाली होती असंही कुणी समजू नये. फिलाडेल्फियात द्युशाँचं आणखी एक काम आहे, 1921चं. पक्ष्याचा छोटा पिंजरा, त्यात साखरेच्या खड्यांसारखे दिसणारे संगमरवराचे चौकोनी तुकडे, एक थर्मामीटर आणि समुद्रफेणी. का शिंकू नये, असा खट्याळ प्रश्न त्याच्या नावात आहे. 1992मध्ये, आजार हाताबाहेर गेलेला असताना, विल्कीने तसाच पिंजरा आणला. त्यात आपल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि सिरिंजा खच्चून भरल्या आणि नावही तेच ठेवलं, त्यातलं द्युशाँचं स्त्रीवेषातलं टोपणनाव तेवढं गाळून.